कंबरेपर्यंत संगमरवर

छत्रपती संभाजीनगरात जो मनुष्य लहानाचा मोठा झाला, त्यास सौंदर्यसमीक्षेचे शास्त्र निराळे शिकावे लागत नाही, कारण बाहेरगावचा पाहुणा घरी उतरला, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास बीबी का मकबरा दाखवावयास नेणे हे येथील प्रत्येक कुटुंबाकडे वतनासारखे वंशपरंपरेने चालत आलेले कर्तव्य आहे, आणि तो पाहुणा महाद्वारातून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच "अगदी ताजमहालच की हो!" असे उद्गारतो व पुढच्याच क्षणी, आपल्या हातून यजमानाच्या मिळकतीची वाजवीपेक्षा जास्त आकारणी झाली की काय, अशा भीतीने "पण ताजमहाल तो ताजमहाल" अशी पुरवणी जोडतो. ही पुरवणी ऐकत ऐकतच आम्ही सज्ञान झालो. जी वस्तू दुसऱ्या एका वस्तूसारखी दिसण्यासाठी जन्मास आली तिचा न्याय कसा करावा, हा प्रश्न इतर शहरांत विद्वानांना पडतो; आमच्या शहरात तो मकबऱ्याबाहेर भुट्टे भाजणाऱ्यासही पडलेला असतो आणि त्याने तो आपल्यापुरता सोडवलेलाही असतो.

वस्तुस्थिती सर्वांस ठाऊक आहे. कबर औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची. स्थपती अताउल्ला, म्हणजे ताजमहालाचे कर्तृत्व ज्याच्याकडे जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. अभियंता हंसपत राय. आणि 'तारीखनाम्या'त नोंदलेला खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे. या हिशेबातील लाखांपेक्षा मला ते सात आणेच अधिक बोलके वाटतात, कारण जेथील कारकून बेगमेच्या कबरीखाली सात आणे टिपून ठेवतो तेथे ताजमहाल होणे नाही, हे भविष्य त्या आकड्यातच लिहिलेले आहे. तावेर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेल्या सुमारे ३०० गाड्या वाटेत पाहिल्या आणि त्यांतल्या लहानात लहान गाडीसही १२ बैल जुंपले होते, असे तो लिहितो. तरीही तो संगमरवर भिंतीस पुरला कंबरेपर्यंत. त्याच्या वर घुमटाच्या बुडापर्यंत आपला काळा दगड, त्यावर घोटून चकचकीत केलेला गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवरी. पाहुणा मान वर करून घुमट पाहतो. गावकरी मात्र भिंतीजवळ जाऊन बोटाच्या पेराने दोन ठिकाणी ठोकतो. पैसा कोठे ओतला हे पाहुण्यास दिसते आणि कोठे राखला हे गावकऱ्यास कळते, आणि समीक्षा म्हणून जे काही आहे ते या दुसऱ्या माणसाच्या बोटात असते.

ही विद्या संगणकीय क्रीडेच्या परीक्षणास उपयोगी पडेल असे मात्र आमच्या पूर्वजांच्या स्वप्नीही आले नसेल. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या माझ्या भाच्याने, परीक्षा तोंडावर आली असता विद्यार्थ्यांस जी एक अनाकलनीय निवांतता प्राप्त होते त्या निवांततेत, 'द ऑर्डर : १८८६' नावाची तबकडी कोणा मित्राकडून निम्म्या किमतीत पैदा केली आणि सिडकोतील आमच्या दिवाणखान्यात, दूरचित्रवाणी संचावर ती लावून, "मामा, तुम्ही फक्त ग्राफिक्स बघा!" असे मला फर्मावले. या वाक्यातील 'फक्त' हा शब्द किती जबाबदारीने वापरला होता हे मला पुढे उमगले. तबकडी नवी नव्हे; कॅलिफोर्नियातील 'रेडी ॲट डॉन' या मंडळींनी सोनीच्या यंत्राकरिता ती घडवली आणि २० फेब्रुवारी २०१५ रोजी बाजारात आणली. परंतु दिवाणी दावा जुना झाला म्हणून निकाली निघाला असे होत नाही, हे आमचे शेजारी नाझरसाहेब यांचे लाडके वचन आहे. त्यांची सारी हयात न्यायालयाच्या नाझर शाखेत जप्तीच्या मालाच्या याद्या करण्यात गेली असल्याने कोणतीही वस्तू समोर आली, की ते प्रथम तिची किंमत मनाशी ठरवतात आणि मग ती काय आहे हे विचारतात. त्या संध्याकाळी तेही उपस्थित होते. माझी आई आपल्या नेहमीच्या खुर्चीत होती आणि तिची मालिका बंद केल्याबद्दलची तिची तक्रार अद्याप तोंडी स्वरूपातच होती.

प्रथम जमेची बाजू. पडद्यावर इ. स. १८८६ चे लंडन अवतरले, आणि मी निःसंकोचपणे सांगतो, की ते अवतरणे असामान्य होते. ओल्या फरसबंदीवर दिव्याचा पिवळा उजेड, अंगरख्यांच्या जाड लोकरीवर साचलेले धुके, सरदारांच्या गलमिशांतला केस न् केस, पितळी कळीवर बोटाने झिजलेली जागा, ही सर्व चित्रे इतक्या निगुतीने सिद्ध केली होती की आईने न बोलता पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि नाझरसाहेबांनी "माल अव्वल आहे," असा शेरा मारला. कथानकही दिलदार होते. आर्थर राजाच्या गोलमेजाचे सरदार एका दिव्य औषधी जलाच्या योगे शतकानुशतके जगले आहेत, अर्धे लांडगे व अर्धी माणसे अशा जीवांशी त्यांचे पिढीजात वैर आहे, आकाशात हवाई जहाजे तरंगत आहेत, आणि जे निकोला टेस्ला त्या साली वास्तविक अमेरिकेत पोटापाण्याच्या विवंचनेत होते, ते येथे लंडनच्या तळघरात बसून सरदारांना विजेच्या बंदुका करून देत आहेत. एवढा ऐवज एका तबकडीत भरलेला पाहून कोणाही मराठी माणसास प्रथम समाधान व मागाहून संशय वाटावा हे स्वाभाविक आहे.

संशयाचा आरंभ पडद्याच्या कडांपासून झाला. चित्राच्या वर एक व खाली एक अशा दोन काळ्या पट्ट्या होत्या आणि त्या हलेनात.

"हे अतिक्रमण कोणाचं?" नाझरसाहेबांनी विचारले.

"काका, ते मुद्दाम आहे. सिनेमॅटिक वाटावं म्हणून."

हिशेब केला तो असा. संचाच्या पडद्यावर आडव्या ओळी १०८०. त्यांपैकी चित्रास मिळाल्या ८००. म्हणजे २८० ओळी, अर्थात चतुर्थांशाहून थोडा अधिकच मुलूख, कोणतीही नोटीस न देता खालसा करण्यात आला होता. चित्रपट घरी पाहताना अशा पट्ट्या दिसतात हे खरे, परंतु तेथे थिएटरचा पडदा रुंद व घरचा अरुंद, अशी दोन मापांची अडचण असते. जी वस्तू घरच्या पडद्याकरिताच घडवली तिने ती अडचण हौसेने अंगावर घ्यावी, हे म्हणजे आपण चित्रपट नाही याची खंत कपाळावर आणि हनुवटीवर अशी दोन ठिकाणी लावून फिरणे झाले. ज्या कलाकृतीस आपल्या जातीची लाज वाटते तिचे पुढे कसे होणार, ही चिंता मला तेव्हाच लागली.

ती व्यर्थ नव्हती. नायक सरदार गॅलाहॅड हा चालू लागला. आणि तो केवळ चालतच राहिला. भाच्याने कळ कितीही दाबली तरी ठरावीक जागी त्याने धावावयाचे नाही, ठरावीक दाराशिवाय दुसरे दार उघडावयाचे नाही आणि सहकारी सरदार संभाषण पूर्ण करीपर्यंत पायरी ओलांडावयाची नाही, असा बंदोबस्त होता. लंडनच्या गल्लीत शेकडो दारे दिसत होती; त्यांतली बहुतेक सर्व भिंतीवर कोरलेली होती. मी मनातल्या मनात बोटाचे पेर पुढे केले आणि ठोकून पाहिले : गिलावा.

मधूनमधून मात्र सरदारास एखादी वस्तू उचलता येई. वर्तमानपत्र, छायाचित्र, एखादी कुपी. ती हातात घ्यावी, उलटसुलट करून चारी बाजूंनी पाहावी, आणि पुन्हा होती तेथे ठेवावी. तिचा पुढे काही उपयोग होई म्हणावे, तर बहुधा तसे घडत नसे. भाचा येथे कंटाळला. परंतु नाझरसाहेब खुर्चीच्या कडेवर आले. एखादी चीज उचलणे, तिचे सर्व बाजूंनी निरीक्षण करणे, आणि तिच्याशी आपला यत्किंचितही संबंध नसल्याप्रमाणे ती खाली ठेवणे, ही त्यांची स्वतःची कारकीर्द कोणी परदेशस्थ कलावंताने इतक्या सहृदयतेने चितारली असेल याची त्यांस कल्पना नव्हती. "यादी कोण लिहून घेतोय?" एवढेच त्यांनी विचारले.

लढाईच्या प्रसंगी सरदारास बंदूक मिळे, आणि टेस्लासाहेबांच्या विजेच्या बंदुकीने क्षणभर दिवाणखाना उजळून निघे. परंतु खरा आणीबाणीचा प्रसंग आला, की बंदूक काढून घेण्यात येई, पडद्यावर एक चिन्ह उमटे, आणि ते दिसताक्षणी खेळाडूने तीच कळ दाबावयाची, एवढेच त्याचे शौर्य उरे. ही युक्ती पुरातन आहे. १९८३ साली अमेरिकेत डॉन ब्लुथ यांच्या चित्रांनी नटलेले 'ड्रॅगन्स लेअर' नावाचे यंत्र आले होते. लेसर तबकडीवरील चालत्या व्यंगचित्रात नेमक्या क्षणी दांडी हलवावी अथवा तलवारीची कळ दाबावी, चुकल्यास सरदाराचे मरण पाहावे. इतर यंत्रे २५ सेंट घेत तेव्हा ते ५० घेई, आणि लोक रांगा लावून देत, कारण तसे चित्र त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. म्हणजे सुरेख चित्राच्या मोबदल्यात स्वातंत्र्य गहाण ठेवण्याचा हा व्यवहार जवळजवळ या धंद्याइतकाच जुना आहे. फक्त १९८३ च्या यंत्रास दुसरे काही शक्य नव्हते आणि २०१५ च्या यंत्रास पुष्कळ काही शक्य होते, एवढा फरक अर्जदाराने विसरू नये.

आणि मग राणी आली.

लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत बंडखोरांचा एक गुप्त तळ असतो, त्यांचे वैर 'युनायटेड इंडिया कंपनी' नामक व्यापारी संस्थेशी असते, आणि त्या बंडखोरांच्या पुढारी म्हणून ज्या बाई मशालीच्या उजेडात सामोऱ्या येतात त्या दुसऱ्या कोणी नसून झाशीच्या राणी लक्ष्मीबाई असतात. तांब्यांची मनकर्णिका, नेवाळकरांची सून, १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडलेली. ती १८८६ साली लंडनमध्ये, तरुण व तेजस्वी, इंग्रज सरदारास इंग्रजी राज्याचे दोष इंग्रजीतून समजावून सांगताना पाहून दिवाणखान्यात शांतता पसरली. मला वाटले, आता आईकडून इतिहासाच्या विपर्यासाबद्दल कडक निषेध येणार. परंतु राणी जिवंत राहिल्याबद्दल तिची कसलीच तक्रार नव्हती. उलट ती चष्मा पुसून, मालिकेचे दुःख विसरून, पुढे सरकून बसली. बराच वेळ गेला. राणी बोलत होती, सरदार ऐकत होता, पुन्हा राणी बोलत होती.

"आता ती लढणार कधी रे?"

"आजी, तिला आपल्याला खेळता येत नाही. आपण फक्त गॅलाहॅड."

"बाई गं! राणीला एवढ्या लांब लंडनला नेलं, आणि घोडासुद्धा दिला नाही?"

या क्रीडेवर इंग्रजीत जी परीक्षणे लिहिली गेली त्यांत याहून मर्मग्राही वाक्य मला तरी आढळले नाही. जगातील समीक्षकांच्या गुणांची सरासरी १०० पैकी ६३ आली होती, आणि त्या मुलखात हा आकडा नाचक्कीचा समजतात; आमच्याकडे ६३ टक्क्यांस प्रथम वर्ग मिळतो आणि पेढे वाटतात, तेव्हा आकड्याच्या आधारे निवाडा करणे दोन्ही पक्षांस अन्यायाचे होईल. त्या समीक्षकांचा मुख्य आक्षेप कालावधीचा होता : सहा-सात तासांत खेळ आटोपतो आणि किंमत मात्र पूर्ण ६० डॉलर. नाझरसाहेबांनी हा आक्षेप दाखल करून घेण्यास साफ नकार दिला. "रानाचा भाव एकरानं ठरत नाही, विहिरीच्या पाण्यानं ठरतो," असे ते म्हणाले, आणि मराठवाड्यात या युक्तिवादावर अपील नाही.

परंतु विहिरीत उतरून पाहता तेथेही निराशा झाली. अर्धवृकाशी सुरीने करावयाचे एक द्वंद्वयुद्ध मध्यंतरी झाले होते. अखेरच्या सर्वांत मोठ्या वैऱ्याशी जे युद्ध झाले ते, वैरी व जागा बदलून, तेच होते. "एकच दस्त दोनदा नोंदवलाय," असे निरीक्षण नोंदले गेले. त्यानंतर एक गोळी सुटली, एक प्रदीर्घ काळोख झाला, आणि कारागिरांची नामावळी वर सरकू लागली. कंपनीचे काय झाले, सरदाराचे काय झाले, यांपैकी कशाचाही निकाल लागला नाही. पुढील भागाची ग्वाही त्या काळोखात उघड होती. तो भाग निघाला नाही आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती संस्थाच बंद झाली, त्यामुळे राणीसाहेब व्हाइटचॅपलमध्ये आजतागायत अडकून पडल्या आहेत.

बचाव पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून फैसला देऊ नये, म्हणून भाच्यास बोलू दिले. तो म्हणाला, की मामा, या लोकांनी कापड, धातू व कातडे यांवर पडणारा उजेड असा काही साधला होता की आज इतक्या वर्षांनी नव्या यंत्रांवरील खेळही त्याच्याशेजारी ठेवावयास कचरतात. ज्याने एवढा घाम गाळला तो लबाड कसा? प्रश्न बिनतोड होता. तो घाम खराच होता. परंतु तो सर्व पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी गाळलेला होता आणि खेळणाऱ्याच्या हाताच्या वाट्यास त्यातला थेंबही आलेला नव्हता. मकबऱ्याच्या कारागिरांनी निदान जेथे माणसाचा हात लागतो तेथे, म्हणजे कंबरेपर्यंत, अस्सल दगड लावला आणि हात न पोचेल तेथे गिलावा केला. पडद्यावरचे लंडन घडवणाऱ्या कारागिरांनी क्रम नेमका उलटा केला.

येथे पुण्याचे एक प्रकरण नजिराच्या रूपाने पुढे ठेवणे इष्ट आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या तेथील छोट्या संस्थेने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ रचला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी, असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्या पराक्रमाची चर्चा करीत असतात. महाल राजस्थानी, भिंतींवरील चित्रे पहाडी शैलीची, आणि मधल्या कथा छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या. या मंडळींनी २०१७ साली जालावरून लोकवर्गणी मागितली ती उद्दिष्टास पोचली नाही. तरी त्यांनी काम रेटले, १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या यंत्रावर खेळ आणला, आणि त्याच वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या नामांकनांत पुण्याचे नाव वाचले गेले. दोष? ते याही ठिकाणी आहेत, आणि पुणेकरांचा माल आहे म्हणून मी ते झाकणार नाही. दृश्य दिसावे म्हणून कॅमेरा इतक्या लांब बांधून ठेवला आहे की उडी कोठे पडेल याचा अंदाज चुकतो, लढाई काही वेळाने त्याच त्या फेऱ्यांत फिरते, आणि शेवट तर असा अकस्मात येतो की खेळ संपला की वीज गेली, हे पाहण्यासाठी आई पंख्याकडे पाहू लागली.

दोन्ही खेळ देखणे, दोन्ही आखूड, दोन्ही अर्ध्यावर सोडणारे. मग न्याय एकच का नसावा? आमच्याच जिल्ह्यात अजिंठ्यास २४ व्या क्रमांकाचे लेणे आहे, पुरे झाले असते तर तेथील मोठ्या विहारांत गणले गेले असते असे; वाकाटकांच्या हरिषेण राजामागे आश्रय आटला आणि छिन्नी थांबली, असे अभ्यासक मानतात. त्या अर्धवट खांबांपुढे उभे राहून कोणी कारागिरास कामचुकार म्हणत नाही. राजी ज्या भिंतीवर धावत चढते, ज्या खांबाला गरकी घेऊन असुरांवर झेपावते, तो खांब आणि ती भिंत खेळणाऱ्याच्या हाताला लागते. तेथे जेवढा संगमरवर परवडला तेवढा हात पोचतो त्या उंचीवर लावलेला आहे, आणि वरचा गिलावा हा दारिद्र्याचा आहे. दारिद्र्याचा गिलावा क्षम्य आहे. ऐपतीचा गिलावा हा अपराध आहे. ज्याच्या तिजोरीस तळ नाही त्याने भिंतीवर दार रंगवावे आणि ते उघडत का नाही असे विचारणाऱ्यास "हे सिनेमासारखे आहे" असे उत्तर द्यावे, यात उणीव द्रव्याची नाही; पाहुण्याने आत येऊ नये, ओसरीवरूनच वाहवा करावी आणि जावे, अशी यजमानाची इच्छाच तेथे उघडी पडते.

सबब हुकूम करण्यात येतो की : प्रतिवादी नंबर एक, 'द ऑर्डर : १८८६', याजकडील धुके, दिवे, लोकर व गलमिशा हा मुद्देमाल उत्कृष्ट असल्याची नोंद व्हावी, आणि तो संग्रहालयात, काळ्या पट्ट्या वगळून, जनतेस विनामूल्य पाहण्यास ठेवावा, खालसा केलेल्या २८० ओळी मूळ मालकास परत कराव्यात, प्रतिवादी नंबर दोन, पुण्याची राजी, हिला ताकीद देऊन व पाठ थोपटून सोडण्यात यावे, भाच्याने उद्यापासून परीक्षेच्या अभ्यासास बसावे, या कलमाची अंमलबजावणी अशक्यप्राय असली तरी ते हुकूमनाम्यात असावे, आणि राणी लक्ष्मीबाईसाहेब यांस व्हाइटचॅपलच्या तळघरातून तत्काळ मुक्त करून त्यांच्या इतमामास साजेसा एक घोडा, लगाम व खोगिरासह, विनाविलंब पेश करण्यात यावा. दाव्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा. घोड्याचा मात्र सोनी कंपनीने.